फायलीतले ‘नाना’

मराठी घरात नाना म्हणजे ओसरीवर बसून सगळ्यांची विचारपूस करणारा वडीलधारा माणूस. निवृत्त फौजीच्या घरात मात्र हे नाव निघालं की चेहरे उतरतात. लष्कराच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर ‘एनएएनए’ ही चार इंग्रजी अक्षरं असतात आणि जवान ती सरळ ‘नाना’ अशी वाचतात. पूर्ण रूप ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’. आजार किंवा इजा सेवेमुळे झालेली नाही, सेवेमुळे वाढलेलीही नाही, असा त्याचा अर्थ. हा शेरा बसला की गुडघा किती निकामी झाला, कान किती गेला, साखर किती चढली हे पुढचे सगळे प्रश्न बाजूला पडतात. टक्के साठ असोत की ऐंशी, अपंगत्वाची पेन्शन शून्य.

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं निंबर्गा घ्या. तुरीचा हा मुलूख, पलीकडे सोलापूर जिल्हा. या पट्ट्यात घरची बोली एक आणि कचेरीची दुसरी, हे कुणाला नवं नाही. बीदरमधल्या भालकी, औराद, बसवकल्याणकडची मराठी घरंही हेच जगतात. इथला फौजी त्यात आणखी दोन भाषांची भर घालतो. हुकूम हिंदीत ऐकायचा, मेडिकल बोर्डाच्या इंग्रजी कागदावर सही करायची, निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या कन्नड कचेरीत अर्ज द्यायचा आणि रात्री त्यात काय लिहिलंय ते घरच्यांना मराठीत समजावायचं. ‘ॲट्रिब्युटेबल’ला कोणत्याच घरगुती भाषेत सुटसुटीत शब्द नाही. ‘सेवेमुळे उद्भवलेलं’ हे भाषांतर झालं, बोलणं नव्हे. आणि नेमक्या याच शब्दावर सगळं उभं आहे.

‘माझे टक्के कमी लावले, वाढवून मिळतील का?’ हा निवृत्त जवानाचा नेहमीचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण बहुतेकदा तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. भारतीय सैन्याच्या अपंगत्व पेन्शनला दोन कुलपं आहेत. 1961च्या लष्करी पेन्शन नियमावलीतल्या 173व्या नियमाने ती घातली: अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं असावं, आणि ते किमान 20 टक्के असावं. दोन्ही एकदम उघडली तरच दार उघडतं. टक्क्यांचा वाद हा दुसऱ्या कुलपाचा वाद. पहिलं कुलूप बंद असताना तो घालणं म्हणजे घराला दार नसताना कडीकोयंड्याचा भाव करणं.

आता दुसऱ्या कुलपाकडे वळू, कारण त्यात एक गंमत आहे जी फार थोड्यांना नीट माहीत असते. पाचव्या वेतन आयोगानंतर संरक्षण मंत्रालयाने 31 जानेवारी 2001 रोजी एक पत्र काढलं. मेडिकल बोर्डाचे टक्के हे शेवटी डॉक्टरांचा अंदाज असतात आणि दोन बोर्डांचे अंदाज जुळत नाहीत, म्हणून टक्के ठरावीक टप्प्यांत वर न्यायचे असं त्यात ठरलं. फौजी याला ‘ब्रॉड बँडिंग’ किंवा ‘राउंड ऑफ’ म्हणतात. 20 ते 49 टक्के असतील तर 50 धरायचे, 50 ते 75 असतील तर 75 आणि 76च्या पुढे असतील तर थेट 100.

याचा हिशेब मांडून पाहावा. सेवेतली इजा किंवा आजार असेल तर 100 टक्क्यांना शेवटच्या हिशेबी पगाराच्या 30 टक्के रक्कम अपंगत्वाचा भाग म्हणून मिळते आणि टक्के कमी तशी ती त्या प्रमाणात कमी होते. समजा हा पगार 40,000 रुपये धरला. शंभर टक्क्यांचे होतात 12,000. तीस टक्केवाल्याला निव्वळ प्रमाणाने 3,600 मिळाले असते, पण राउंड ऑफमुळे तो 50 टक्क्यांत गेला आणि 6,000 पदरात पडले. महागाईची भर आणि सेवेची पेन्शन वेगळी. म्हणजे 30चे 40 व्हावेत म्हणून वर्षभर चपला झिजवणाऱ्याला जिंकूनही एक रुपया जास्त मिळणार नाही. 48चे 50 झाले तर मात्र 6,000चे 9,000 होतात. आणि 19चे 20 झाले तर शून्याचे 6,000! टक्के शंभर असले तरी लढण्याजोगे आकडे तीनच आहेत, 20, 50 आणि 76. बाकीच्यांवर श्रम घालवू नयेत हे रेकॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर कुणी सांगत नाही.

दोन-तीन आजार एकत्र असतील तर लोक घरीच बेरीज करतात. रक्तदाबाचे 30, साखरेचे 20, झाले 50. बोर्डाची बेरीज अशी सरळ नसते. एका आजाराने माणूस जितका खचला, त्यातून जे उरलं त्यावर दुसऱ्या आजाराचा भार पाहायचा, असा एकत्रित आकड्यामागचा विचार आहे. त्यामुळे एकत्रित आकडा बेरजेपेक्षा खाली येऊ शकतो आणि 50च्या उंबऱ्यावर अडू शकतो. खरा वाद कुठे घालायचा तर इथे. दोन आजारांपैकी एकाला ‘नाना’ लावला असेल तर तो एकत्रित आकड्यातून गळतो, म्हणून त्या शेऱ्याला आव्हान देणं हीच टक्के वाढवण्याची वाट ठरते.

राउंड ऑफचा लाभही सहज पदरात पडला नाही. 2001चं पत्र आजारपणामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांपुरतं होतं, ज्यांना फौजी ‘बोर्ड आउट’ म्हणतात. चोवीस वर्षं पूर्ण करून, दुखरा पाय ओढत रीतसर निवृत्त झालेल्याला ते लागू नाही, असा सरकारचा पवित्रा होता. म्हणजे अर्ध्यात सुटला तर 50 टक्के आणि दुखणं सोसत शेवटपर्यंत टिकला तर 30! 10 डिसेंबर 2014 रोजी ‘राम अवतार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडीत काढला आणि सरकारची शेकडो अपिलं एकाच वेळी फेटाळली.

निवृत्तीनंतर दुखणं वाढलं तर? पूर्वी ठरावीक वर्षांनी पुन्हा बोर्डापुढे जावं लागे, ‘रिसर्व्हे बोर्ड’. त्याची धास्ती मोठी होती. एखाद्या साली बोर्डाने 20चे 15 केले की पेन्शन बंद. 7 फेब्रुवारी 2001च्या पत्राने ही फेरी थांबवली. कायमच्या अपंगत्वाबाबत बोर्डाने मान्य केलेला आकडा आता आयुष्यभरासाठी, आणि फेरतपासणी फक्त जवानाने स्वतः मागितली तरच. मागणी केल्यावर बसणाऱ्या रिव्ह्यू बोर्डाचा आकडा अंतिम ठरतो, हे वाक्य अर्ज करण्याआधी दोनदा वाचावं. 45 टक्केवाल्याला 50चा उंबरा खुणावत असेल आणि ताजे एक्स-रे, एमआरआय, तज्ज्ञाचं मत हाताशी असेल तर जावं. 30 टक्केवाल्याने केवळ शेजाऱ्याला जास्त मिळतं म्हणून जाऊ नये.

प्रत्यक्ष लढाईत जायबंदी झालेल्यांचं गणित याहून वेगळं आहे. नियमांनी मृत्यू आणि अपंगत्वाची कारणं ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच गटांत वाटली आहेत. सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणं ‘ए’त. सेवेच्या परिस्थितीतून आलेला आजार ‘बी’त, ड्यूटीवरचा अपघात ‘सी’त. ऑपरेशनल ड्यूटीवर नसताना अतिरेक्यांच्या हल्ल्यात सापडला तर ‘डी’ आणि शत्रूशी युद्ध, सुरुंग पेरणं-काढणं किंवा अतिरेक्यांविरुद्धची कारवाई असेल तर ‘ई’. शेवटच्या ‘ई’ गटाला ‘वॉर इंज्युरी पेन्शन’ लागू होते. तिथे बोर्ड आउट झालेल्याला 100 टक्क्यांसाठी पूर्ण पगाराइतका भाग मिळतो आणि जखमेनंतरही सेवेत राहून निवृत्त झालेल्याला पगाराच्या 60 टक्के. वरच्याच 40,000च्या उदाहरणात राउंड ऑफनंतरच्या 50 टक्क्यांचे ‘सी’ गटात 6,000 होतात, तर ‘ई’मध्ये सेवेत राहिलेल्याचे 12,000 आणि बोर्ड आउटचे 20,000. एकच पाय, एकच जखम, पण अक्षर बदललं की रक्कम दुप्पट-तिप्पट. टक्के वाढवण्यापेक्षा अक्षर बदलून घेणं अनेकदा जास्त मोलाचं असतं, ते यामुळे.

हे अक्षर डॉक्टर ठरवत नाही, त्या दिवशी युनिटने कागदावर काय चढवलं त्यावर ते ठरतं. जखमी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून नोंदला गेला की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून? गस्तीवर कड्यावरून घसरणं हे लढाईचा भाग की अपघात? बर्फात बोटं गेली ती चौकीवर की चौकीकडे जाताना? इजेचा अहवाल भरला जातो, तो कमांडिंग ऑफिसरच्या सहीने पुढे जातो, आदेशात प्रसिद्ध होतो. जखम ताजी असते तेव्हा जवान बेशुद्ध असतो किंवा दुसऱ्या राज्यातल्या लष्करी इस्पितळात. आपल्या नावापुढे कोणतं अक्षर लागलं हे त्याला बऱ्याचदा पेन्शन पेमेंट ऑर्डर हाती आल्यावर, पंधरा वर्षांनी कळतं. तोवर युनिट कुठल्या कुठे गेलेलं असतं आणि साक्षीदार आपापल्या गावी. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवेची कागदपत्रं 25 वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियमही आहे. दाव्याचा विचार उतारवयात करणाऱ्यांना तो सगळ्यात महाग पडतो. माहिती अधिकारात मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागवणं हे पहिलं पाऊल, अर्ज आणि वकील त्यानंतरचे.

पहिल्या कुलपाच्या किल्लीसाठी न्यायालयांचा मोठा हातभार लागला. 1982च्या नियमांत जवानाच्या बाजूने तीन भक्कम खुंट्या होत्या. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो धडधाकट होता असं धरायचं, आजार सेवेमुळेच झाला हे सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर टाकायचा नाही आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. कागदावर हे असूनही बोर्ड एका ओळीत ‘सेवेशी संबंध नाही’ लिहून मोकळे होत. सिग्नल्सचे जवान धरमवीर सिंह यांना सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्मारामुळे घरी पाठवलं होतं. त्यांच्या प्रकरणात जुलै 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही खुंट्या पुन्हा घट्ट ठोकल्या आणि कारण न देता दिलेलं बोर्डाचं मत टिकत नाही असं सांगितलं. तेव्हापासून ‘धरमवीर’ हा निकाल फौजींच्या अर्जांत मारुती स्तोत्रासारखा पहिल्या पानावर असतो. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंह प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. ज्याला बोर्ड आउट केलं त्याचं अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्तच मानलं पाहिजे, नाहीतर त्याला काढलं कशाला? युक्तिवाद इतका साधा आहे की तो सुचायला 2014 का उजाडावं लागलं, हेच कोडं.

हा ओघ थांबलेला नाही. एप्रिल 2025मध्ये सियाचिनला तैनात राहिलेल्या आणि झटक्यांच्या आजाराने सेवेबाहेर गेलेल्या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने 50 टक्क्यांची पेन्शन मंजूर केली. माणूस 1980च्या दशकात घरी आलेला होता, साडेतीन दशकं उलटली होती. मे 2025मध्ये स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं, की बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत. त्याआधी मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाबाबत, आजार शांत ठाण्यावर असताना सुरू झाला एवढ्यावर सेवेचा संबंध नाकारता येत नाही, असं म्हटलं.

मधुमेह आणि रक्तदाब आले की सरकारी बाजूही ऐकायला हवी. महालेखापरीक्षकांच्या 2023च्या अहवालानुसार 2015-16 ते 2019-20 या काळात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के आणि जवानांपैकी सुमारे 18 टक्के अपंगत्वाचा भाग घेऊन बाहेर पडले. खुर्चीवरचा अधिकारी आणि चौकीवरचा शिपाई यांच्यातला हा उलटा हिशेब कुणालाही खटकेल. जीवनशैलीच्या आजारांवर बड्या हुद्द्यांनी पेन्शन वाढवून घेतली हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. त्याला उत्तर म्हणून सप्टेंबर 2023मध्ये नवे नियम आले, निकष आवळले गेले आणि सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या लाभाला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नवं नाव मिळालं. पण चाळणी बारीक केली की आधी कोण अडकतं? ज्याला नियम पाठ आहेत, इंग्रजी येतं आणि बोर्डावरचे डॉक्टर ओळखीचे आहेत तो नव्हे. अडकतो तो आळंद तालुक्यातला शिपाई.

सरकारनेच आपल्या सैनिकांविरुद्ध अपिलं करत राहावीत का, हा प्रश्न संरक्षण मंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी मनावर घेतला होता. 2015मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. कारगिलमध्ये जायबंदी झालेले मेजर डी. पी. सिंह आणि सैनिकांच्या खटल्यांचे जाणकार वकील मेजर नवदीप सिंह तिच्यात होते. समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल दिला आणि अपंगत्व पेन्शनच्या ठरलेल्या मुद्द्यांवरची अपिलं मागे घ्यावीत, असं सुचवलं. त्यानंतरही अपिलं होत राहिली, हे वर आलेल्या तारखाच सांगतात.

दाद मागण्याची वाट कागदावर सरळ आहे. पहिलं अपील, ते फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007च्या कायद्याने स्थापन झालेलं हे न्यायाधिकरण 2009मध्ये सुरू झालं. मुख्य पीठ दिल्लीत, शिवाय मुंबई, चेन्नई, कोची, लखनौ, जयपूर वगैरे ठिकाणी प्रादेशिक पीठं. मुंबईचं पीठ महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासाठी. कर्नाटकात कायमचं पीठच नाही. सोलापूरचा फौजी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठतो आणि मराठी वकील धरतो. निंबर्ग्याचा फौजी तीच बोली बोलतो, पण सीमेच्या अलीकडे राहतो, म्हणून त्याला आपल्या राज्याबाहेरचं दुसरं पीठ धरावं लागतं. 1956च्या राज्य पुनर्रचनेची रेघ अशा अनपेक्षित ठिकाणी आडवी येते. न्यायाधिकरणात जायची मुदत सहा महिन्यांची असली तरी पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्याने उशीर झालेला दावा साफ बुडत नाही. 2008च्या तरसेम सिंह निकालाने मागची थकबाकी मात्र तीन वर्षांपुरती मर्यादित केली. पंधरा वर्षं गप्प बसलेल्याची बारा वर्षं गेली ती गेलीच. न्यायाधिकरणाच्या वर उच्च न्यायालयाचा रस्ता 2015मध्ये बंद झाल्यासारखा होता, तो मार्च 2023च्या निकालाने पुन्हा खुला झाला.

अमेरिकेतही ही रस्सीखेच आहे. तिथल्या माजी सैनिक विभागाचे टक्के दहा-दहाच्या पायऱ्यांनी चढतात, आणि बेरीज तिथेही तिरकीच. 50 आणि 30 मिळून 80 होत नाहीत, 65 होतात आणि मग 70 धरतात. दुखणं वाढलं तर टक्के वाढवून मागणं तिथे नित्याचं आहे आणि पुरावे गोळा करायला विभागाने मदत करावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. व्हिएतनाममधल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनापासून ते 2022च्या पॅक्ट कायद्यातल्या, कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरापर्यंत, अमुक जागी होता आणि अमुक आजार झाला तर संबंध गृहीत धरायचा, अशा याद्याच त्यांनी केल्या. सियाचिन, द्रास किंवा काश्मीर खोऱ्यासाठी अशी साधी यादी आपल्याकडे झाली तर निम्मे ‘नाना’ फायलीत शिरणारच नाहीत. मनाच्या जखमांना तर तिची गरज अधिक. एक्स-रेत न दिसणाऱ्या दुखण्याला ‘स्वभावदोष’ ठरवून मोकळं होणं सोपं असतं आणि गावीही ‘फौजेतून आल्यापासून डोकं फिरलंय’ यापलीकडे निदान जात नाही.

टक्क्यांनी माणूस मोजता येत नाही याचा मराठी मुलखातला दाखला सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्कराच्या ईएमई या यांत्रिकी शाखेतला हा जवान 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. मूळचा मुष्टियोद्धा पाण्यात उतरला आणि 1972च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं, अर्जुन पुरस्कार तर 2025च्या जानेवारीत हाती पडला. ज्याच्या अपंगत्वावर तिळमात्र शंका नव्हती त्याची दखल घ्यायला पाच दशकं लागली, तर हाडातल्या बारीक भेगेसाठी भांडणाऱ्याचं काय!

जखमी जवानाला पुण्याचं वळण जुनंच आहे. कृत्रिम अवयव केंद्र तिथे 1944पासून, खडकीत अपंग जवानांना हुन्नर शिकवणारी, 1917 साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि पाठीचा कणा मोडलेल्यांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974पासून. कलबुर्गी-सोलापूरहून रेल्वे थेट पुण्याला जाते. पायासाठी माणूस पुण्याला जातो, पायाच्या टक्क्यांसाठी मात्र त्याचे कागद प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे, आणि आता पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर. हयातीचा दाखला असो की दुरुस्ती, निंबर्ग्यातही आता ओटीपीची वाट पाहावी लागते.

आणि आता अग्निवीर. जून 2022च्या योजनेतून भरती झालेल्यांना पेन्शनच नाही. सेवेत अपंगत्व आलं तर एकरकमी 15 लाख, 25 लाख किंवा 44 लाख रुपये, अनुक्रमे 50, 75 आणि 100 टक्क्यांना. तेच तीन टप्पे, आणि पाठीशी तोच प्रश्न, सेवेमुळे की नाही. जुन्या जवानाला चुकलेला आकडा पुढे कधीतरी सुधारून घेता येत होता आणि दर महिन्याची पेन्शन त्याला न्यायाधिकरणाचं दार उघडं ठेवत होती. एकरकमी पैशात दर महिन्याचं असं काही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षांची सेवा 2026च्या अखेरीपासून संपू लागते. इजेच्या अहवालाची झेरॉक्स त्यांच्यापैकी कितींनी घरच्या ट्रंकेत आणून ठेवली आहे, ते तेव्हा कळेल.